घटका, पळे आणि डेटाबेस : कालावधी साठवण्याचा इतिहास

१/
२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध संपण्याच्या बेतात होते. त्या रात्री सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैन्याच्या बराकीवर कोसळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. या तळाच्या रक्षणासाठी पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती आणि ती चालूही होती. तरीही तिने येणाऱ्या स्कडचा माग धरला नाही. कारण शोधत गेल्यावर चौकशी एका साध्या आकड्यापाशी येऊन थांबली : यंत्रणा सुरू होऊन नेमका किती वेळ झाला?

२/
पेट्रियटचा संगणक सुरू झाल्यापासूनचा काळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे. हा आकडा पूर्णांक होता आणि अचूकही होता. त्याचे सेकंद करताना मात्र त्याला ०.१ ने गुणावे लागे. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या कधीच पूर्ण लिहिता येत नाही, तिचा अपूर्णांक संपतच नाही. यंत्राजवळ २४ बिट होते, म्हणून उरलेले शेपूट छाटले गेले. प्रत्येक दशांशामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंद एवढी तूट राहू लागली.

३/
एवढ्याशा तुटीने काय बिघडणार? पण ती बॅटरी १०० तास अखंड चालू होती. १०० तासांत ३६ लाख दशांश सेकंद होतात आणि तितक्या वेळा साचलेली तूट ०.३४ सेकंद भरते. स्कड एका सेकंदात सुमारे १६७६ मीटर जात असे. म्हणजे रडार आकाशात जिथे पाहत होते त्या जागेपासून क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर होते. रिकाम्या आकाशात काहीच दिसले नाही, म्हणून काहीच डागले गेले नाही.

४/
या प्रकरणातील सर्वांत बोचरा भाग पुढे आहे. दोष आधीच लक्षात आला होता. यंत्रणा 'फार वेळ' अखंड चालवल्यास लक्ष्य सरकू शकते, अशी सूचना २१ फेब्रुवारीला पाठवली गेली होती. परंतु 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत नव्हते. दुरुस्त केलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली २६ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. यंत्राने कालावधी चुकीचा साठवला आणि माणसांनी तो सांगितलाच नाही.

५/
काळाबद्दलचे प्रश्न दोन जातींचे असतात. एक 'केव्हा?' आणि दुसरा 'किती वेळ?' पहिल्याचे उत्तर क्षण असतो : सकाळी ७ वाजून १० मिनिटे. दुसऱ्याचे उत्तर कालावधी असतो : ७ तास १० मिनिटे. कागदावर दोन्ही सारखेच लिहिले जातात, ७:१०. पण दोन कालावधींची बेरीज करता येते, दोन क्षणांची येत नाही. या दोहोंतील गल्लत हा मानवी इतिहासातील एक फार जुना घोटाळा आहे आणि आजच्या डेटाबेसमध्येही तो ठाण मांडून बसला आहे.

६/
मराठीने हा भेद आपल्या शब्दसंग्रहात पूर्वीपासून जपला आहे. 'मुहूर्त' साधायचा असतो, 'घटका' मोजायची असते. घटका मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची अर्धगोल वाटी, तळाशी बारीक छिद्र. ती पाण्यावर तरंगत ठेवायची, छिद्रातून पाणी आत शिरते, वाटी भरते आणि बुडते. अशा ६० बुड्या म्हणजे एक अहोरात्र, हा हिशेब सूर्यसिद्धान्तात दिलेला आहे. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. 'घटका भरली' हा वाक्प्रचार याच वाटीतून आला.

७/
एक घटका म्हणजे २४ मिनिटे. घटकेची पळे ६०, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. पळाची विपळे ६०, म्हणजे एक विपळ ०.४ सेकंदाचे. या मोजणीचा गुण असा की तिचे एकक ऋतूनुसार ताणत नाही. वाटीचे छिद्र तेच, पाणी तेच, म्हणून पौषातली घटका आणि ज्येष्ठातली घटका सारखीच. आजच्या परिभाषेत बोलायचे तर हे 'स्थिर एकक' होय.

८/
सर्वत्र असे नव्हते. प्राचीन रोममध्ये उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या काळाचे १२ समान भाग करत आणि प्रत्येकाला तास म्हणत. साहजिकच तेथील तास हिवाळ्यात सुमारे ४५ मिनिटांचा आणि उन्हाळ्यात सुमारे ७५ मिनिटांचा होई. जपानमध्येही ऋतुमानाने बदलणारे तास १८७३ पर्यंत व्यवहारात होते. तेथील कारागिरांनी यांत्रिक घड्याळे त्या बदलत्या तासांशी जुळवून घेतली होती. 'तीन तास काम केले' या वाक्याचा अर्थ तेथे महिना कळल्याशिवाय पुरा होत नसे.

९/
भारतीय पंचांगातही असे एक लवचिक एकक आहे : तिथी. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची गती एकसारखी नसल्याने तिथीची लांबी साधारण १९ ते २६ तासांच्या दरम्यान हेलकावे खाते. म्हणूनच एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी होते. 'पाच तिथी' आणि 'पाच दिवस' हे समान कालावधी नव्हेत. पंचांगकर्त्यांनी हा फरक कधी झाकला नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक तिथीसमोर ती किती घटका व किती पळे आहे, हे स्वतंत्र रकान्यात छापले.

१०/
मग लांबचे कालावधी मोजायचे कसे? महिने लहानमोठे, मध्येच अधिकमास. यावर सिद्धान्तकारांनी काढलेला तोडगा म्हणजे 'अहर्गण'. एक आरंभदिन ठरवायचा आणि तेथपासून उलटलेले दिवस फक्त मोजत राहायचे. कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये मानलेला आहे. महिना नाही, वर्ष नाही, केवळ एक वाढत जाणारा पूर्णांक. दोन अहर्गणांची वजाबाकी केली की मधला कालावधी हाती येतो.

११/
पण सोळाव्या शतकापर्यंत हा आकडा १६ लाखांच्या पलीकडे गेला होता. प्रत्येक ग्रहासाठी एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार हाताने करायचे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० च्या 'ग्रहलाघव' या ग्रंथात यावर उपाय दिला. त्यांनी ११ वर्षांचे एक 'चक्र' मानले. त्याचे दिवस ४०१६. किती चक्रे उलटली हे एक अंक, आणि चालू चक्रातील दिवस हा दुसरा. त्यामुळे अहर्गण ४०१६ च्या वर जाणेच थांबले.

१२/
हा नुसता गणिती चमत्कार नव्हता. साठवायच्या आकड्याला मर्यादा असते, ती ओळखून आकड्याची रचना करावी लागते, ही जाणीव त्यामागे होती. मोठी संख्या दोन लहान घरांत विभागून ठेवायची आणि प्रत्येक घराचे एकक ठरलेले असू द्यायचे. साडेचार शतकांनंतर अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ अगदी याच प्रश्नापाशी येऊन उभे राहिले.

१३/
१९७१ मधील पहिल्या युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत काळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजला जाई आणि आरंभदिन १ जानेवारी १९७१ होता. ३२ बिटांचा पूर्णांक या वेगाने सुमारे ८२९ दिवसांतच भरून जातो. आरंभदिन पुढे ढकलत राहण्याऐवजी अखेर एककच बदलले : पूर्ण सेकंद, १ जानेवारी १९७० पासून. हा युनिक्सचा अहर्गणच म्हणायचा. चिन्हांकित ३२ बिटांत तोही १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. म्हणूनच जगभरातील यंत्रणा ६४ बिटांकडे वळल्या आहेत.

१४/
नेमक्या याच सुमारास दुसरी क्रांती घडली. जून १९७० मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत आणि त्यांच्यातील संबंधांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिच्यातून रिलेशनल डेटाबेस जन्मले आणि त्यांची भाषा एसक्यूएल. तक्त्याच्या प्रत्येक स्तंभाला एक 'प्रकार' असतो : पूर्णांक, मजकूर, दिनांक. मग कालावधीचा प्रकार कोणता? या प्रश्नाला प्रमाणित उत्तर मिळायला १९९२ उजाडले.

१५/
१९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकाने 'इंटरव्हल' हा प्रकार आणला, आणि तोही दोन वेगळ्या गटांत. एक गट वर्षे आणि महिन्यांचा, दुसरा दिवस, तास, मिनिटे आणि सेकंदांचा. दोहोंची सरमिसळ करायची नाही, असा नियम. कारण उघड आहे. वर्षाचे महिने नेहमी १२ आणि तासाची मिनिटे नेहमी ६०, पण महिन्याचे दिवस २८, २९, ३० की ३१, हे महिन्याचे नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. तिथी आणि दिवस यांतला भेद प्रमाणकाने आपल्या परीने मान्य केला.

१६/
हा भेद पुस्तकी नाही. भारताच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये 'महिना' याचा अर्थ ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे गणलेला महिना असा दिला आहे, ३० दिवस असा नव्हे. एखाद्या कैद्याला एक महिन्याची शिक्षा झाली आणि संगणकाने 'एक महिना' हा ३० दिवस म्हणून साठवला, तर फेब्रुवारीत तो माणूस दोन दिवस जास्त डांबला जाईल. नोटिशीची मुदत, भाडेकरार, अपिलाची कालमर्यादा, सर्वत्र हेच. येथे कालावधी हा आकडा नसतो, तो कुणाचा तरी हक्क असतो.

१७/
प्रमाणक एक, पण ते पाळणारे अनेक. ओरॅकलने दोन्ही गट वेगळे ठेवले. पोस्टग्रेसने एकाच प्रकारात तीन घरे केली : महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद. गणेश दैवज्ञांच्या चक्राची आठवण व्हावी अशीच ही रचना. मायएसक्यूएलने स्तंभासाठी असा प्रकार दिलाच नाही. तेथे 'टाइम' प्रकारात जास्तीत जास्त ८३८ तास ५९ मिनिटे ५९ सेकंद मावतात, म्हणजे ३५ दिवसांना साधारण एक तास कमी. एसक्यूएल सर्व्हरचा 'टाइम' तर २४ तासही ओलांडत नाही, कारण तो घड्याळातील वेळेसाठी आहे. एसक्यूलाइटमध्ये काळासाठी स्वतंत्र प्रकारच नाही.

१८/
पोस्टग्रेसने दिवसाला मायक्रोसेकंदांपासून वेगळे घर का दिले? कारण दिवस नेहमी २४ तासांचा नसतो. अनेक देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे करतात, तेव्हा एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा होतो. भारतालाही हे परके नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे नेली होती. मुंबईत तर त्याआधीपासून दोन वेळा नांदत होत्या. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. एका घड्याळावर निघालेला आणि दुसऱ्यावर पोहोचलेला माणूस प्रवासाला किती वेळ लागला हे केवळ वजाबाकीने सांगू शकत नव्हता.

१९/
आता तिसरे पात्र रंगमंचावर येते. आज्ञावली लिहिणारे 'ऑब्जेक्ट' या कल्पनेत विचार करतात, डेटाबेस तक्त्यांत. दोघांमध्ये दुभाष्या हवा. हे काम ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजे ओआरएम करते. जावासाठी २००१ मध्ये हायबरनेट, पायथॉनसाठी २००५ मध्ये जँगो आणि २००६ मध्ये एसक्यूएलअल्केमी, डॉटनेटसाठी २००८ मध्ये एंटिटी फ्रेमवर्क, असे दुभाषे एकामागून एक आले. दुभाष्या चांगला असला की दोन्ही पक्ष निश्चिंत होतात. एखाद्या शब्दाला समोरच्या भाषेत प्रतिशब्दच नसेल, तर मात्र दुभाष्या आपल्या बुद्धीने काहीतरी निवडतो, आणि ते कुणाला कळतही नाही.

२०/
पायथॉनमध्ये कालावधीसाठी 'टाइमडेल्टा' आहे. त्यात दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद आहेत, महिना मुळीच नाही. जँगोने एप्रिल २०१५ च्या १.८ या आवृत्तीत 'ड्युरेशनफील्ड' दिले. ते पोस्टग्रेसवर 'इंटरव्हल' होते, ओरॅकलवर दिवस ते सेकंद या गटातील इंटरव्हल, आणि अन्यत्र मायक्रोसेकंदांचा मोठा पूर्णांक. त्याआधी ज्याला कालावधी साठवायचा असे तो आपल्या मर्जीने सेकंद, मिनिटे किंवा साधा मजकूर वापरत असे.

२१/
एसक्यूएलअल्केमीचा मार्ग अधिक रंजक आहे. ज्या डेटाबेसमध्ये इंटरव्हल नाही, तेथे ते कालावधी चक्क दिनांक म्हणून साठवते, १ जानेवारी १९७० पासून मोजून. म्हणजे 'दोन दिवस' हा कालावधी तक्त्यात '३ जानेवारी १९७०' असा दिसतो. दुभाष्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो. पण तोच तक्ता दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने थेट वाचला, तर तिला तो अर्धशतकापूर्वीचा एक दिवस वाटेल. 'किती वेळ' याला 'केव्हा' याचे कपडे घातले की अशी फसगत होते.

२२/
एंटिटी फ्रेमवर्कमध्ये नेमके उलटे घडले. डॉटनेटचा 'टाइमस्पॅन' हा खरा कालावधी आहे. तो शेकडो तासही सहज धरतो. पण एसक्यूएल सर्व्हरशी जोडताना तो मुळात 'टाइम' या घड्याळी प्रकारावर बसवला जातो. त्यामुळे ८ तासांची पाळी नीट साठते. त्याच कामगाराच्या महिन्याच्या तासांची बेरीज साठवायला गेले, की २४ तासांची भिंत आड येते. चाचणीत एका दिवसाचे आकडे घेतले असतील, तर ही भिंत महिनाअखेरीस, पगाराच्या दिवशीच दिसते.

२३/
येथे निदान चूक झाल्याचे कळते. त्याहून घातक ती, जी कळतच नाही. मायएसक्यूएलमध्ये कडक तपासणी बंद असेल, तर ८३८ तासांपलीकडचा कालावधी मर्यादेवर आणून गुपचूप साठवला जातो. पोस्टग्रेस तुलना करताना एक महिना आणि ३० दिवस समान मानते. पायथॉन आणि पोस्टग्रेस यांना जोडणारे सायकोपीजी महिन्यांचे दिवस करताना महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६५ दिवसांचे धरते. म्हणून ११ महिने ३३० दिवस होतात, आणि १२ महिने ३६५. एका महिन्याच्या फरकात ३५ दिवस! प्रत्येक नियम स्वतंत्रपणे समंजस आहे, हिशेब मात्र चुकतो.

२४/
जावाच्या जगाने यातून सर्वांत स्वच्छ धडा घेतला. मार्च २०१४ च्या जावा ८ मध्ये कालावधीसाठी दोन वेगळे प्रकार आले. 'ड्युरेशन' म्हणजे सेकंद आणि नॅनोसेकंद, घटिकापात्राचा काळ. 'पीरियड' म्हणजे वर्षे, महिने आणि दिवस, पंचांगाचा काळ. १९९२ च्या प्रमाणकातील दोन गट येथे नव्या नावांनी परतले. पण दुभाष्यांचे नियम मागे राहिले. २०१७ च्या जेपीए २.२ प्रमाणकाने जावाचे नवे दिनांक-प्रकार स्वीकारले, या दोघांना वगळून.

२५/
हायबरनेट ५ ने आपल्या परीने 'ड्युरेशन' नॅनोसेकंदांच्या मोठ्या पूर्णांकात साठवले. ६४ बिटांत अशी सुमारे २९२ वर्षे मावतात, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण आहे ती एककाची. स्तंभात ९००००००००००० हा आकडा दिसतो. ते नॅनोसेकंद आहेत की मायक्रोसेकंद, हे तक्ता सांगत नाही. पहिल्या अर्थाने ती १५ मिनिटे आहेत, दुसऱ्या अर्थाने सुमारे १० दिवस. धाहरानच्या सूचनेत एकक होते 'वेळ' आणि आकडा नव्हता. येथे आकडा आहे आणि एकक नाही.

२६/
आकडा साठवताना त्याचे घर किती मोठे, हा प्रश्नही अजून जुना झालेला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला : २४८ दिवस अखंड वीज चालू राहिल्यास जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी वीज बंद करून पुन्हा सुरू करावी. कारण होते आज्ञावलीतील एका गणकाचे भरून जाणे. सेकंदाचे शतांश चिन्हांकित ३२ बिटांत मोजले, तर ते घर साडेअठ्ठेचाळीस अधिक दोनशे, म्हणजे २४८.५ दिवसांतच भरते. घटका येथेही भरतेच, फक्त ती भरल्याचे वाटी सांगते, पूर्णांक सांगत नाही.

२७/
आणि वजाबाकीवर विसंबावे, तर तिचेही एक कोडे आहे. पृथ्वीचे भ्रमण अणुघड्याळाइतके नियमित नसल्याने १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत २७ वेळा एकेक 'लीप सेकंद' जोडला गेला. १ जानेवारी २०१७ च्या प्रारंभी तो जोडला जात असताना क्लाउडफ्लेअरच्या आज्ञावलीने एका क्षणातून दुसरा क्षण वजा केला आणि उत्तर ऋण आले. काळ उलटा वाहू शकत नाही, असे गृहीत धरलेली ती आज्ञावली कोसळली. क्षण घड्याळाचे असतात आणि घड्याळे दुरुस्त केली जातात. उलटलेला काळ मोजण्यासाठी कधीच मागे न जाणारा गणक वेगळा लागतो. त्याच वर्षी गो या भाषेने तशी सोय आपल्या काळमापनात केली.

२८/
या इतिहासातून निघणारे नियम थोडकेच आहेत. कालावधी स्थिर एककांचा असेल, तर तो एकाच एककाच्या पूर्णांकात किंवा डेटाबेसच्या खऱ्या इंटरव्हल प्रकारात ठेवावा, अपूर्णांकात नव्हे. पूर्णांक वापरल्यास स्तंभाच्या नावातच 'सेकंद' किंवा 'मायक्रोसेकंद' लिहावे. कालावधी पंचांगाचा असेल, तर महिने महिने म्हणूनच ठेवावे आणि त्यांचे दिवस आरंभदिन कळल्यावरच करावेत. घड्याळी वेळेचा प्रकार कालावधीसाठी कधीही वापरू नये. ओआरएमने मुळात कोणता प्रकार निवडला आहे, हे तयार झालेला तक्ता उघडून पाहावे. आणि चाचणीत एक तास न घेता २५ तास, ८३९ तास, १३ महिने आणि ऋण कालावधी घ्यावेत.

२९/
हे नियम नवे नाहीत. पंचांगकर्त्याने तिथीसमोर घटका आणि पळे वेगळी लिहिली, तेव्हा तो एकक नोंदवत होता. गणेश दैवज्ञांनी चक्र आणि दिवस वेगळे ठेवले, तेव्हा ते आकड्याच्या घराची मर्यादा पाळत होते. लग्नमंडपात घटिकापात्राजवळ बसलेला जोशी वाटी बुडताच ती उचलून पुन्हा पाण्यावर ठेवत असे आणि किती वाट्या झाल्या याची खूण करत असे. त्या खुणा मोजणाऱ्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असत : एक खूण म्हणजे किती काळ, आणि मोजणी कोठून सुरू झाली. कालावधी साठवणाऱ्या प्रत्येक तक्त्याने या दोनच गोष्टी सांगायच्या असतात.